नियम कमी झाले, चकरा कमी झाल्या का? इंदूरच्या मराठी दुकानदार-कारखानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी मी आमच्या कॉलनीच्या वाचनालयात दोन तास बसतो. कुणाचा परवाना अडलेला असतो, कुणाचं नामांतरण (जमीन-घराच्या नोंदीवरचं नाव बदलणं), कुणाच्या हातात नोटीस असते. सियागंजातले घाऊक व्यापारी येतात, सांवेर रोडवर छोटा कारखाना असलेले येतात, घरून मसाले-लोणची विकणाऱ्या वहिनी येतात. प्रश्न फिरून तेच असतात, म्हणून इथे एकत्र केले. एका उत्तरातलं दुसरीकडे लागत असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "अनावश्यक नियम" म्हणजे नक्की काय? आम्हाला तर सगळेच नियम डोकेदुखी वाटतात.

डोकेदुखी वाटणं ही कसोटी पुरत नाही. मी तीन गोष्टी विचारतो. हा नियम कुणाचं, कोणतं नुकसान टाळतो? तेवढंच नुकसान कमी त्रासात टाळता येईल का? आणि आपण जमा केलेला कागद पुढे कुणी उघडून वाचतं का?

माझ्या वडिलांचा छापखाना होता. ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलबुकं छापायचे. छापखाना ठेवणाऱ्याने दंडाधिकाऱ्यासमोर जाहीरनामा द्यायचा, हा नियम १८६७ च्या कायद्यातला. कोण काय छापतं यावर नजर ठेवणं ही त्या काळच्या सरकारची गरज होती. वडिलांनी तो जाहीरनामा काचेच्या चौकटीत लावून ठेवला होता आणि इतक्या वर्षांत तो बघायला कुणी आलं नाही. २०२३ च्या नव्या कायद्याने १८६७ चा कायदा हटवला. तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. आता छापखान्याने ऑनलाइन कळवलं की पुरतं. कळवण्याचं काम राहिलं, हजेरी गेली. अनावश्यक भाग कोणता होता ते इथे स्पष्ट दिसतं.

२. परवाना-राज १९९१ मध्येच संपलं ना? मग अजून कशाबद्दल बोलायचं?

जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग सोडून बाकीच्यांचा औद्योगिक परवाना रद्द केला. १९५१ च्या कायद्याखाली कारखाना काढायला, क्षमता वाढवायला दिल्लीची परवानगी लागायची, ती गेली. पण तुमच्या दुकानावर त्या कायद्याचा हात कधीच नव्हता. तुम्हाला लागतो तो मध्य प्रदेशचा १९५८ चा दुकाने व आस्थापना कायदा, नगर निगमाचा व्यापार परवाना, अन्नसुरक्षेची नोंदणी, वजन-मापाची मोहोर, जीएसटी. १९९१ ची सुधारणा मोठ्या कारखानदाराला जितकी जाणवली तितकी राजवाड्याच्या मागच्या गल्लीत जाणवली नाही, त्याचं कारण हे आहे.

३. नियम काढत गेलात तर सुरक्षिततेचं काय?

हा प्रश्न इंदूरकर विचारतो तेव्हा मी घाईने उत्तर देत नाही. ३० मार्च २०२३, रामनवमी. पटेल नगरच्या मंदिरात जुन्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, टाकलेली स्लॅब कोसळली आणि ३६ माणसं गेली. तिथल्या बेकायदा बांधकामाबद्दल आधी नोटीस निघालेली होती. म्हणजे नियम होता, कागदही निघाला होता, फक्त काम झालं नाही.

मला त्यातून एवढंच दिसतं की निरीक्षकाचे हात हजार निरुपयोगी फायलींत अडकले असतील, तर ज्या एका जागेवर त्याने उभं राहायला हवं तिथे तो पोचत नाही. बिनकामाचे नियम काढायचे ते या एका जागेसाठी. जिथे जीव जाऊ शकतो तिथला नियम ठेवायचा, आणि तो पाळला जातो की नाही हेही मोजायचं. १९२३ चा बॉयलर कायदा बदलून २०२५ चा आला तेव्हा असंच केलं गेलं. सात गुन्ह्यांपैकी जिवावर बेतणारे चार गंभीर गुन्हे फौजदारी राहिले, बाकीच्या तिनांवर आर्थिक दंड आला. तपासण्यांबद्दल प्रश्न ११ पाहा.

४. इंदुरात तर स्वच्छतेचे नियम वाढले, आणि शहर सुधारलं. मग जास्त नियम चांगले, असंच ना?

चांगला मुद्दा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर ओळीने आठ वेळा पहिलं आलं. ओला-सुका वेगळा करा, रस्त्यावर टाकलात तर चालान. नियम कडकच आहे.

पण तो पाळायला तुम्हाला कुठे जावं लागलं? गाडी गाणं वाजवत दारात येते. कुठला अर्ज नाही, नूतनीकरण नाही, एनओसी नाही. पाळणं सोपं केलं आणि मोडणं महाग. शिवाय परिणाम डोळ्यांनी दिसतो, त्यामुळे मोजायला कुठल्या अहवालाची वाट बघावी लागली नाही. परवान्यांच्या बाबतीत मी याच गोष्टी मागतो.

५. जन विश्वास कायदा आला म्हणजे आता चुकलं तरी काही होत नाही, असं ऐकलं. खरं का?

नाही. केंद्राच्या २०२३ च्या जन विश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी बदलल्या. किरकोळ, तांत्रिक चुकांसाठी जिथे तुरुंगवास लिहिलेला होता, तिथे बहुतेक ठिकाणी आर्थिक दंड आला. दंडाच्या रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतील अशीही तरतूद आहे. मध्य प्रदेश विधानसभेनेही डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या कायद्यांसाठी असाच कायदा मंजूर केला.

फरक एवढाच, की कोर्टाची पायरी चढण्याऐवजी अधिकारीच दंड ठरवतो. इथे मला एक काळजी आहे. पर्यावरण संरक्षण कायद्यात आता १० हजार ते १५ लाख रुपये असा पट्टा आहे. पट्टा इतका रुंद असला की कुणाला किती, हे समोरच्या माणसावर राहतं. तुरुंगाची भीती गेली ते चांगलंच झालं. पण असे दंड कुणाला किती बसले याची यादी दरवर्षी जाहीर व्हायला हवी. नाहीतर भीती तीच राहील, फक्त तिचं टेबल बदलेल.

६. सरकार म्हणतं ३९ हजारांहून जास्त अनुपालनं (नियमापोटी करावी लागणारी कामं) कमी केली. माझ्या दुकानात काय कमी झालं ते दिसत नाही.

आकडा केंद्राच्या उद्योग विभागाचा आहे आणि तो केंद्र व राज्यं मिळून आहे. त्यात एखादा फॉर्म ऑनलाइन करणं, दोन रजिस्टरं एक करणं, जुनी तरतूद काढणं, सगळं एकेक म्हणून धरलं जातं. १,५०० हून अधिक जुने केंद्रीय कायदे रद्द झाले त्याचंही तसंच. त्यातले बरेच कायदे कुणी वापरतच नव्हतं. ते काढणं योग्यच होतं, माळा साफ केल्यासारखं. पण माळा साफ केला म्हणून स्वयंपाकघरात जागा होत नाही.

मोजणी अजिबात निरुपयोगी असते असं मात्र नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००१ मध्ये आधी सगळ्या कायद्या-नियमांतून "नागरिकाने हे केलंच पाहिजे" असं सांगणारी प्रत्येक गोष्ट मोजून काढली, लाखोंच्या संख्येत. मग तीन वर्षांत एक तृतीयांश कमी करायचं ठरवलं आणि त्याहून थोडं जास्तच केलं. त्यांचं वेगळेपण सुरुवातीच्या मोजणीत आहे. आधी किती होतं हे ठाऊक नसेल तर किती कमी झालं याला अर्थ उरत नाही. शिवाय नवा नियम आणायचा तर जुना काढा, ही अट त्यांनी पुढेही ठेवली.

७. मग खरं मोजायचं कसं? काका, सोपं करून सांगा.

खिडकीच्या आपल्या बाजूने मोजायचं. किती वेळ गेला, किती चकरा झाल्या, किती पैसे गेले, किती दिवस अडकून पडलो.

यासाठी जगभर वापरलं जाणारं एक साधं गणित आहे. नेदरलँड्सने ते पहिल्यांदा देशपातळीवर केलं: एका कामाला लागणारा वेळ गुणिले वेळेची किंमत, अधिक वरखर्च, आणि मग गुणिले किती जणांना ते वर्षातून किती वेळा करावं लागतं. आपण एक उदाहरण धरून चालू, आकडे माझ्या मनाचे. एका परवान्याच्या नूतनीकरणाला कागद जमवायला २ तास, सायबर कॅफेत १ तास, कार्यालयाच्या दोन चकरांचे ३ तास. झाले ६ तास. तासाचे १५० रुपये धरले तर ९०० रुपये. रिक्षा, झेरॉक्स, फोटो २५०. एकूण १,१५०. असे १०,००० दुकानदार असतील आणि हे दरवर्षी करावं लागत असेल, तर शहराचे वर्षाला १ कोटी १५ लाख रुपये. हाच परवाना पाच वर्षांनी एकदा केला तर वर्षाला २३ लाख. फॉर्म तोच ठेवून. आणि त्यातला अर्ध्या तासाचा एक कागद कमी केला तर वार्षिक पद्धतीत साडेसात लाख वाचतात. बसून हिशोब केला की कुठे हात घालायचा ते आपोआप कळतं.

नेदरलँड्समध्ये हा बोजा १६.४ अब्ज युरो निघाला, त्यांच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३.६ टक्के. २००७ पर्यंत त्यात चौथा हिस्सा कमी करायचं त्यांनी ठरवलं आणि कागदावर ते जमलंही. पण उद्योजकांना तो फरक तितकासा जाणवला नाही. कारण हे गणित तास मोजतं, अडकून पडणं मोजत नाही. अर्ज भरायला अर्धा तास लागला आणि उत्तर यायला चार महिने, तर गणितात अर्धाच तास येतो. भाडं मात्र चार महिन्यांचं जातं. टेबलाखालून गेलेले पैसेही त्यात येत नाहीत. म्हणून मी लोकांना वही ठेवायला सांगतो. तारीख, कार्यालय किंवा पोर्टल, गेलेला वेळ, कोणता कागद मागितला, तो अधिकृत यादीत होता का, आणि त्या दिवशी काम पुढे सरकलं का. सहा रकाने पुरतात.

सरासरीने फसू नका, हेही सांगतो. नऊ जणांचं काम २ दिवसांत झालं आणि दहाव्याचं ८२ दिवसांत, तर सरासरी १० दिवस येते. दहा दिवस कुणालाच लागले नव्हते. मधल्या माणसाला किती लागले आणि शेवटच्याला किती, हे दोन आकडे वेगवेगळे मागा.

८. सगळं ऑनलाइन झालं की नियम कमी झाला, असंच मानायचं ना?

पोर्टल ही खिडकी आहे. खिडकीवर मागितले जाणारे कागद तेच असतील तर फक्त रांग बदलली. लोकमान्य नगरातल्या एका आजोबांसाठी ओटीपी आणि पीडीएफची साइझ ही कलेक्टर कचेरीपेक्षा मोठी अडचण आहे. ते कॅफेवाल्याला पैसे देतात आणि ते पैसे कुठल्या अहवालात येत नाहीत.

खरा फरक तेव्हा पडतो जेव्हा एखादी पायरीच गळते. साध्या सत्यप्रतीसाठी राजपत्रित अधिकारी शोधत फिरणं आठवतं? केंद्राने स्वतःच्या सहीने प्रमाणित केलेली प्रत बहुतेक कामांना चालेल असं केलं, आणि लाखो चकरा एका परिपत्रकाने गेल्या. त्याला कुठलं सॉफ्टवेअर लागलं नाही. यातला अपवाद प्रश्न १७ मध्ये आहे.

९. राज्यांची क्रमवारी येते, त्यात मध्य प्रदेश वर असतो. त्यावर विश्वास ठेवायचा का?

क्रमवारी काय विचारून केली ते आधी बघा. केंद्राच्या व्यवसाय सुधारणा आराखड्यात २०१५ साली मध्य प्रदेश पाचवा होता आणि २०१९ च्या फेरीत चौथा. सुरुवातीच्या फेऱ्यांत खात्यांनी "आम्ही हे केलं" असे पुरावे द्यायचे आणि गुण मिळायचे. २०१७-१८ च्या फेरीत ज्यांनी सेवा वापरली त्यांना विचारणं सुरू झालं आणि २०१९ च्या फेरीत गुण त्यांच्याच उत्तरांवर दिले. पुढच्या फेरीत तर क्रमांकच काढून गट केले. त्यात आपण पहिल्या गटात नव्हतो, दुसऱ्या गटात होतो. मोजायची पद्धत बदलली की चित्र बदलतं, याची ही आपल्याच घरची साक्ष आहे.

जागतिक बँकेचंही तसंच. भारत त्यांच्या व्यवसाय सुलभतेच्या क्रमवारीत १४२ वरून ६३ वर आला, पण त्यात मोजलं जायचं ते मुंबई-दिल्लीत. इंदूर, पीथमपूर त्यात कधीच नव्हतं. आकड्यांत गडबडी सापडल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ती क्रमवारीच बंद केली. शिवाय ती पद्धत नियमाप्रमाणे किती दिवस लागायला हवेत हे विचारायची. प्रत्यक्ष कारखानदारांना किती दिवस लागले हे बँकेच्याच दुसऱ्या सर्वेक्षणात विचारलं जातं, आणि दोन्हींत फार अंतर निघतं. एकाच शहरात एकाला आठवडा लागतो आणि दुसऱ्याला वर्ष, हे त्यातलं मला सर्वात बोलकं वाटलेलं निरीक्षण.

१०. समजा काम वाढलं, रोजगार वाढला. तो नियम काढल्यामुळेच वाढला हे कसं कळणार?

मापनातला सर्वात कठीण प्रश्न हाच आहे. "आधी असं होतं, आता असं आहे" एवढ्याने सिद्ध होत नाही. मधल्या काळात रस्ता झाला असेल, बाजार तेजीत असेल. ज्यांना सूट मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही, त्यांची तुलना हवी.

आपल्या देशातलं एक उत्तम उदाहरण आहे. १९६७ पासून काही वस्तू फक्त लहान उद्योगांनीच बनवायच्या असा नियम होता. एके काळी ही यादी ८०० हून अधिक वस्तूंची होती. लोणची-चटण्या, पाव, मेणबत्त्या, अगरबत्ती, कुलपं, बांगड्या हे शेवटच्या वीस वस्तूंत होतं. तेही एप्रिल २०१५ मध्ये सुटलं. ही यादी एकदम रिकामी केली नाही, टप्प्याटप्प्याने केली. त्यामुळे ज्या जिल्ह्यांतल्या वस्तू आधी सुटल्या त्यांची इतरांशी तुलना करता आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जिथे जास्त वस्तू मोकळ्या झाल्या तिथे रोजगार जास्त वाढला. लहानांना जपण्यासाठी केलेला नियम त्यांना लहानच ठेवत होता, असा त्याचा अर्थ. पण त्याच अभ्यासात हेही आहे की वाढ झाली ती नव्या आणि वाढू शकणाऱ्या कारखान्यांत. जुने छोटे कारखाने आक्रसले. ज्यांचं आक्रसलं त्यांनाही त्या हिशोबात जागा पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर राज्याच्या सीमेवर ट्रक थांबवून तपासणाऱ्या परिवहन चौक्या. गुजरातने त्या २०१९ मध्ये बंद केल्या, मध्य प्रदेशने १ जुलै २०२४ पासून. मुंबईला जाणारा ट्रक सेंधव्याला आधी किती वेळ थांबायचा आणि आता किती, हे वाहतूकदारांच्या जीपीएसमध्ये पडून आहे. तो वेळ, आणि सोबत जादा भार भरणाऱ्या गाड्यांचं प्रमाण, असे दोन्ही आकडे एकत्र ठेवले तर चौक्या बंद करण्याचा फायदा आणि तोटा दोन्ही समोर येतील.

११. निरीक्षक यायचेच बंद झाले तर बरं होईल का?

गुजरातमध्ये प्रदूषण मंडळासोबत अभ्यासकांनी दोन प्रयोग केले, तेही कारखाने चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून. पहिल्यात पर्यावरण लेखापरीक्षक कारखान्याने निवडायचा आणि पैसेही त्यानेच द्यायचे, ही पद्धत काही ठिकाणी बदलली. परीक्षक चिठ्ठीने ठरला, पैसे सामाईक निधीतून, आणि त्याचं काम पुन्हा तपासलं गेलं. परीक्षक खरं लिहायला लागले आणि कारखान्यांनी प्रदूषण कमी केलं. दुसऱ्यात काही कारखान्यांच्या तपासण्या वाढवल्या, पण प्रदूषण फारसं उतरलं नाही. जास्त घाण करणारे कोण हे मंडळाला आधीच ठाऊक होतं, आणि वाढीव फेऱ्या साध्यासुध्या कारखान्यांत वाया गेल्या.

मी यातून घेतलेलं उत्तर असं: तपासण्यांची संख्या दुय्यम आहे. कोण तपासतं, त्याला पैसे कोण देतं आणि तो कुठे जातो, हे ठरवा. केंद्रीय कामगार तपासण्यांमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून कारखाना संगणक निवडतो आणि अहवाल ७२ तासांत पोर्टलवर टाकावा लागतो. ही चांगली दिशा आहे.

१२. काम मुदतीत झालं नाही तर आम्ही काय करू शकतो?

मध्य प्रदेशात आपल्याकडे यासाठी देशातला पहिला कायदा आहे: लोकसेवा गारंटी, २०१०. अधिसूचित सेवेसाठी लोकसेवा केंद्रात अर्ज दिला की पावतीवर तारीख मिळते. त्या तारखेपर्यंत काम झालं नाही किंवा नाकारलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील. तिथेही नाही जमलं तर ६० दिवसांत दुसरं. उशिरासाठी जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्यातून अर्जदाराला भरपाई देता येते.

पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी "ठेवून जा" म्हटलं तर घड्याळ सुरूच होत नाही. सेवा अधिसूचित यादीत नसेल तर हा कायदा लागत नाही. तेव्हा प्रश्न १७ मधला मार्ग.

१३. १८१ वर तक्रार केली, काम झालं नाही आणि तक्रार मात्र बंद. हे कसं?

सीएम हेल्पलाइनवर तक्रार पायरीपायरीने वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. निकालीचं प्रमाण खात्याच्या गुणांत धरलं जातं, म्हणून बंद करण्याची घाई होते. "फोर्स क्लोज" (तक्रारदाराचं समाधान न होताच तक्रार बंद करणं) हा शब्द इंदुरात आता शाळकरी पोरांनाही माहीत झाला आहे. माझ्याच गल्लीतली गटाराची तक्रार अशी एकदा बंद झाली आणि पाणी तसंच वाहत होतं.

तुमचं समाधान झालं का, असा फोन आला तर दबावाखाली होकार देऊ नका. मोजणाऱ्यांना माझं सांगणं असं, की किती बंद झाल्या हा आकडा सोडा, त्याच पत्त्यावरून तीन महिन्यांत तीच तक्रार पुन्हा किती वेळा आली तो आकडा द्या.

१४. रजिस्ट्री झाली की नामांतरण आपोआप होतं म्हणतात. माझं का झालं नाही?

सायबर तहसील २०२२ मध्ये दोन जिल्ह्यांत सुरू झाली आणि २९ फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्या राज्यात आहे. शेतजमिनीची विक्री वादाशिवाय झाली असेल तर अर्ज न करता, तहसीलला न जाता महसूल नोंद बदलते. माझ्या मते ही गेल्या काही वर्षांतली सर्वात प्रामाणिक सुधारणा आहे, कारण यात खरंच पायरी गळली.

अडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. वारसाहक्काचं नामांतरण विक्रीत मोडत नाही, त्याला नेहमीचा अर्ज लागतो. कुणी आक्षेप घेतला की प्रकरण रीतसर सुनावणीला जातं. आणि शहरातल्या घराच्या मालमत्ता कराच्या खात्यावरचं नाव नगर निगमाकडे असतं, महसुलाकडे नाही. सुदामा नगरातला फ्लॅट घेऊन तहसीलची वाट बघणारे दोघेजण गेल्या महिन्यात भेटले.

१५. उलाढाल मर्यादेच्या जरा वर जाते म्हणून एक ताई धंदा मुद्दाम वाढवत नाहीत. बरोबर करतायत का?

त्या चूक करतायत असं मी म्हणणार नाही, मर्यादा चूक आहे. अन्नपदार्थांच्या २०११ च्या नियमांत साधी नोंदणी सुरुवातीला वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीपर्यंत ठेवली होती, त्यावर परवाना. त्यानंतर तेल, डाळ, मसाले कितीने महागले बघा. त्याच डब्यांची तीच विक्री करणारी बाई केवळ महागाईने वरच्या वर्गात ढकलली जात होती. मर्यादा महागाईशी बांधलेली असावी, हे मी जिथे संधी मिळेल तिथे मांडतो.

एक नीट समजून घ्या. अन्नसुरक्षेची, जीएसटीची (वस्तूंसाठी ४० लाख) आणि कामगारसंख्येची मर्यादा वेगवेगळ्या आहेत. एक ओलांडली म्हणून सगळ्या ओलांडल्या असं होत नाही. धंदा दोन नावांत तोडून मर्यादेखाली राहण्याचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका.

१६. पहिली तीन वर्षं परवानगीच नको, अशी योजना आहे म्हणे. मग चौथ्या वर्षी काय?

राजस्थानने २०१९ मध्ये सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी असा कायदा केला. मूळ कायद्यात असं होतं: घोषणापत्र द्या, पोच घ्या, तीन वर्षं राज्याच्या परवानग्या आणि तपासण्यांतून सूट. नंतर परवानग्या घ्यायला सहा महिने. मध्य प्रदेशानेही २०२३ मध्ये अधिसूचित औद्योगिक क्षेत्रांसाठी या धर्तीचा कायदा केला.

अडचण अशी की सूट परवानगीतून असते, मानकांतून नसते. शेड अग्निसुरक्षेला धरून नसेल तर मुदत संपल्यावर तोडून बांधावी लागते. केंद्राचे कायदेही राज्याच्या सुटीत येत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून परवानगी घ्यायचीच आहे असं समजून बांधा. अशीच समजूत श्रमसंहितांबद्दलही ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या, पण २९ चे ४ झाले म्हणजे तुमची रजिस्टरं सातपट कमी झाली असं नाही. रजिस्टरं प्रत्यक्ष मोजा.

१७. नियम रद्द झाला, तरी खिडकीवर तोच कागद मागतात. आता काय?

सर्वात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. वरून नियम गेला की तो खालच्या टेबलापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि कधी पोचतच नाही. एका कार्यालयात माझ्याकडून स्वप्रमाणित प्रत घेतली नाही, नोटरी करून आणायला लावली. मी वाद घातला नाही, आणि त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला.

आधी तपासा की तुमचं काम अपवादात तर नाही ना. कायद्यानेच प्रतिज्ञापत्र मागितलं असेल तर स्वतःची सही चालत नाही. तसं नसेल तर शांतपणे म्हणा, "साहेब, हा कागद यादीत आहे का? असेल तर त्रुटी म्हणून लिहून द्या." पुष्कळदा तिथेच काम होतं, कारण नसलेला नियम लेखी द्यायला कुणी तयार नसतं. लिहून दिलं तर उत्तमच, अपिलाला पुरावा मिळाला.

तरीही अडलं तर १० रुपयांत माहितीचा अधिकार. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. "मला त्रास का दिला" असं विचारू नका, त्याचं उत्तर मिळत नाही. असं विचारा: या सेवेसाठी मागील आर्थिक वर्षात किती अर्ज आले, किती मुदतीत निकाली निघाले, किती त्रुटी दाखवून परत केले, आणि परत करण्याची कारणं कोणती, त्यांच्या संख्येसह. सेवेचं नाव पावतीवर आहे तसंच लिहा, पावतीची प्रत जोडा. उत्तर आलं की एक झेरॉक्स रविवारी वाचनालयात आणून द्या. आतापर्यंत आलेली उत्तरं तिथल्या कपाटात, हिरव्या फाईलमध्ये लावलेली आहेत, कुणालाही बघता येतात.